तीन बोटं माया

बाईंची कात्री खडूच्या रेषेवरून सरळ चालत गेली, पिवळं कापड दोन तुकडे होऊन शिवणक्लासच्या टेबलावर पडलं. चूक सगळ्यांत आधी दिसली ती निवृत्त मुख्याध्यापिकेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका शोधलेली ती बाई, तिची नजर काही निवृत्त झाली नव्हती. चष्मा नाकावर ओढून ती म्हणाली, “बाई, माया?” एवढंच म्हणाली, पण सातही जणींनी माना वर केल्या. एकमेकींशी गेली दोन वर्षं न बोलणाऱ्या आणि तरी एकाच बाकावर बसणाऱ्या त्या दोघी जावा, त्यांनीसुद्धा एकमेकींकडे बघितलं. कारण माया हा इथला पहिल्या दिवसाचा धडा. रेषेवर कधी कापायचं नाही, रेषेच्या बाहेर बोट-दोन बोटं जास्तीचं कापड सोडून कापायचं. ते शिवणीच्या आत दुमडून जातं, कुणाला दिसत नाही. पण पुढं माणूस भरलं, कपडा घट्ट झाला, तर शिवण उसवून तेवढं बाहेर काढता येतं. त्या आत दडवलेल्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. दर नव्या तुकडीत कुणीतरी हमखास विचारायचं, “बाई, माया किती सोडायची?” आणि बाई हमखास सांगायच्या, “लेकराच्या कपड्याला भरपूर, नवऱ्याच्या कपड्याला बेताची.” मग सगळ्या हसायच्या आणि हातातला खडू जरा सैल व्हायचा. एकतीस वर्षं हा विनोद चालला होता. आणि आज त्याच बाईंनी, बोलता बोलता, शिकवता शिकवता, रेषेवर कापलं होतं. कापलं तेही नेमकं पोस्टातलीचं कापड. पोस्टात खिडकीवर बसणारी ही मुलगी चार महिने ते पिवळं कापड पिशवीत घालून आणत होती आणि तसंच परत नेत होती, कारण ते तिच्या आईनं शेवटच्या आजारपणाआधी तिच्यासाठी घेतलं होतं आणि आपल्या हातानं त्याला कात्री लावायचा तिला धीर होत नव्हता. “बाई, तुम्हीच बेता,” ती आज म्हणाली होती. बाईंनी बेतलं.

“राहू दे, उद्या बघू,” असं काहीतरी बाई पुटपुटल्या आणि दोन्ही तुकडे घडी करून त्यांनी टेबलाच्या खणात टाकले. चुकलं असं म्हणाल्या नाहीत. म्हणायला हवं होतं, हे त्यांना खण बंद करताना कळलं, पण तोवर जिभेची वेळ निघून गेली होती. बाईंचं नेहमी असंच व्हायचं. हात आधी, जीभ मागाहून, आणि पुष्कळदा मागाहूनही नाही. त्या मशीनपाशी जाऊन बसल्या, जावांपैकी थोरलीची टीप वाकडी गेली होती ती उसवायला घेतली, आणि सकाळचा फोन त्यांच्या कानात पुन्हा पहिल्यापासून वाजायला लागला. लेकीचा फोन. ती वर्षातून चार-पाचदा करायची, बोलणं व्हायचं ते प्रकृती, पाणी, गॅस, भाडेकरू या चौकटीतलं, आणि दोघींना सुटल्यासारखं वाटेल इतक्यात संपायचं. आज मात्र ती म्हणाली, “आई, गुरुवारी येते. तासभरच.” “ये की,” बाई म्हणाल्या. “तो निळा ड्रेस आणते. कमरेत सैल झालाय. आत घेऊन दे.” बाईंच्या हातात तेव्हा झाडू होता. त्या म्हणाल्या, “किती सैल?” आणि लेक जरा थांबून म्हणाली, “बराच.”

तो निळा ड्रेस अकरा वर्षांत दोघींपैकी कुणी तोंडानं काढला नव्हता. आणि सैल? लेक आता सदतिसाची. या वयाच्या बायका बाईंकडे येतात त्या कपडा सैल करून घ्यायला, हसत, स्वतःला नावं ठेवत, “बाई, काढा हो आतली सगळी माया, श्वास घेता येत नाही” असं म्हणत. आत घ्यायला क्वचित कुणी येतं. मागं एक येत असे, कोपऱ्यावरच्या दुकानदाराची बायको. आधी एक बोट आत घेतलं, महिन्याभरानं दोन बोटं, पुढच्या महिन्यात तिनं स्वतःच कापड चिमटीत धरून दाखवलं, हे एवढं. ते एवढं आत घेतलेला तिचा झगा अजून बाईंच्या कपाटात होता, न्यायला कुणी आलं नव्हतं. त्यामुळं ‘बराच’ हा शब्द ऐकल्याबरोबर बाईंना जे कळायचं ते कळलं, कुणी सांगायची गरज उरली नाही. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, चहा केला, तो प्यायला विसरल्या, आणि अकरा वाजता क्लास उघडला.

बाईंचा नवरा होता तोवर म्हणायचा, “लोक मूग गिळून गप्प बसतात, आमच्याकडं टाचण्या तोंडात धरून बसायची पद्धत आहे.” खरंच होतं ते. माप बसवताना, कापड अंगावर लावून बघताना, बाई दहा-बारा टाचण्या ओठांत धरायच्या आणि एकेक काढून लावत जायच्या. तेवढा वेळ बोलणं शक्य नसे. क्लासमध्ये त्या कुणाला असं करू देत नसत, गिळली तर केवढ्याला पडेल, त्यासाठी प्रत्येकीकडून पहिल्याच आठवड्यात चिंध्यांची टाचणीउशी करून घेत. पण स्वतःची सवय सुटली नव्हती. नवऱ्याला त्यांना काही विचारायचं असलं की तो म्हणे, “आधी त्या टाचण्या काढ.” त्या काढायच्या, आणि तरी बोलणं हो-नाहीच्या पुढं जात नसे. त्यांच्या माहेरीही असंच. कुणी कुणाला काही विचारत नसे. ताटात नेहमीपेक्षा जास्त वाढलं गेलं की समजायचं, आपलं दुखणं घरात कळलंय. बाईंना त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. उलट, माणसाला उघडं न पाडता त्याची सोय करावी, ही त्यांना मोठी शहाणपणाची गोष्ट वाटायची. विचारणं म्हणजे चांगल्या शिवणीला सुई लावून उसवून बघणं. कशाला?

लेक लहान असताना याच टेबलाखाली बसायची. टेबल म्हणजे जुन्या दाराची फळी, खाली चार पाय ठोकलेले. वर अजून कडीचं भोक होतं. त्या भोकातून ती वरचा उजेड बघायची आणि खाली पडलेल्या तुकड्यांच्या बाहुल्या करायची, बटणांचे डोळे लावून, आणि त्या बाहुल्यांना कपडे शिवायची. बाहुल्यांचे कपडे मात्र मापाचे असत, अगदी अंगाबरोबर. तिचे स्वतःचे कधीच नसत. बाई तिचा प्रत्येक फ्रॉक दोन वर्षांपुढचा बेतायच्या. खांदे उतरलेले, बाह्या मनगटाखाली, कमर पोटाखाली, आणि आत ही एवढी माया, घेरात चार बोटं दुमड. शाळेच्या फोटोत सगळ्या मुली आपापल्या कपड्यात आहेत आणि ही एकटी कुणा मोठ्या मुलीच्या कपड्यात उभी आहे असं दिसतं. मुली तिला ‘तंबू’ म्हणायच्या. तिनं ते घरी सांगितलं नव्हतं, बाईंना ते कुणा दुसरीच्या आईकडून कळलं, आणि त्यांनी पुढच्या फ्रॉकला दोन जास्तीच्या चुण्या घातल्या, दिसायला बरं दिसावं म्हणून. फ्रॉक मापाचा व्हायचा तोवर विटलेला असायचा. दुमड सोडली की खाली नव्या रंगाचा पट्टा दिसायचा, आणि वरचा सगळा फ्रॉक त्याच्यापुढं जुनापुराणा. मोठेपणी एकदा ती हसत म्हणाली होती, “आई, तू माझे कपडे मला कधी शिवलेच नाहीस. पुढच्या वर्षीच्या मला शिवलेस.” तेव्हा नवरा होता, तोही हसला होता, बाईही हसल्या होत्या.

आणि मग ती सव्वीस वर्षांची झाली, आणि एक दिवस येऊन म्हणाली, मी लग्न करतेय, पुढच्या महिन्यात, कचेरीत, चार माणसांत. मुलगा बरा होता. कुणाचं काही म्हणणं नव्हतं. “निळा ड्रेस शिव मला,” ती म्हणाली, “अगदी अंगाबरोबर. माया-बिया काही नको. मी आता वाढायची थांबलेय.” बाईंनी टेप घेतली, ओठांत टाचण्या धरल्या, तिला खिडकीपाशी उभी केली. खांदा, छाती, बाही. कमरेला टेप लावली तेव्हा लेकीनं श्वास आत ओढून धरला. बाईंच्या बोटांना ते लगेच समजलं, कारण टेपेखालचं अंग दगडासारखं घट्ट झालं होतं. तेव्हाच वीस वर्षं बायकांची मापं घेतलेले हात, त्यांना कोण फसवणार. मापं घेताना लाजेनं श्वास धरणारी वेगळी आणि लपवायला धरणारी वेगळी. टाचण्या तोंडातच होत्या. त्या सांभाळत, दातांमधून, बाई म्हणाल्या, “श्वास सोड.” लेकीनं सोडला. कमर मागच्या मापापेक्षा दोन बोटं जास्त भरली. खिडकीतून ऊन येत होतं, समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडत होतं, धप, धप, आणि त्या दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या की बाईंना लेकीच्या केसांचा वास येत होता. मग बाई वळल्या आणि त्यांनी वहीत आकडा लिहिला.

ड्रेस अंगाबरोबर झाला. बाहेरून कुठं सुरकुती नाही, जसा हवा तसा. पण आत, कमरेला, दोन्ही शिवणींत, बाईंनी तीन-तीन बोटं माया सोडली. पाच-सहा महिने निभतील एवढी. आणि त्याच आठवड्यात, क्लास सुटल्यावर, त्यांनी चिंध्यांच्या टोपलीतून मऊ मऊ तुकडे वेचून एका दुपट्याला सुरुवात केली. पिवळा, पांढरा, फिका हिरवा, टाका इतका बारीक की बाळाच्या गालाला लागू नये. आयुष्यात कुठल्या शिवणाचा त्यांना एवढा आनंद झाला नव्हता. शिवताना त्या मनात लेकीशी भरभरून बोलत असायच्या. काय खातेस, काय खाऊ नकोस, घाबरू नकोस, मी आहे. अर्धं दुपटं झालं. लग्न झालं. महिने गेले, बातमी काही आली नाही, आणि ड्रेसही सैल करायला आला नाही. बाई वाट बघत होत्या, तिनं सांगायची. सांगितलं की दुपटं पुढं करायचं, असं ठरलं होतं. कुणाशी ठरलं होतं? कुणाशी नाही.

कळलं ते वर्षानं, आणि तेही भांडणात, आणि भांडण कशावरून, तर पडद्यांवरून. पडदे लांब शिवले म्हणून. “आई, जमिनीवर लोळतायत.” “धुतल्यावर आटतील.” “तुझं हे पुढचं पुढचं बस कर,” लेक म्हणाली, आणि मग पडदा हातात धरूनच ती म्हणाली, “तुला माहीत होतं.” बाईंनी विचारलं नाही, काय. ती म्हणाली, “लग्नाच्या आदल्या दिवशी मी ड्रेस उलटा करून बघितला. तीन बोटं. तुझ्या टेबलाखाली वाढलेय मी, मला कळत नाही होय? तुला माहीत होतं आणि तू विचारलं नाहीस.” “तू सांगितलं नाहीस,” बाई म्हणाल्या. “मी श्वास धरून उभी होते. मला सांगायचंच होतं. तू म्हणालीस, श्वास सोड. मी सोडला. मला वाटलं, आता विचारेल. तू जाऊन आकडा लिहिलास.” तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. पुढचं तिनं पडद्याची घडी घालत सांगितलं. चौथ्या महिन्यात गेलं. दवाखान्यात दोन दिवस होती. नवरा बाहेरगावी होता, तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई डबा घेऊन आली होती, तिनं विचारलं, तुझं कुणी नाही का ग? “मी म्हटलं, आहे की. आई आहे. तिनं जागा सोडलीय माझ्यासाठी. शिवणीत.”

त्यावर बाई काही बोलल्या नाहीत. हे त्यांना पुढं कित्येक वर्षं कुणी न विचारता आठवत राहिलं, की त्यावर आपण काही बोललो नाही. आपण पडद्याचं दुसरं टोक धरून घडी नीट केली. ते अर्धं दुपटं त्यांनी नंतर फेकलं नाही. दुमडून, कडा शिवून, दोन बंद लावून त्याची पिशवी केली आणि ती नमुना म्हणून क्लासच्या भिंतीवर खिळ्याला अडकवली. तुकड्यांची पिशवी. दहा वर्षांत प्रत्येक तुकडीनं ती बघून बघून तशी पिशवी शिवली होती. बायकांना ती फार आवडायची. कुणी भाजी आणायला वापरली, कुणी बहिणीला दिली, एकीनं तर विकायला काढल्या. “बाई, हे रंग तुम्ही कसे हो निवडले?” असं विचारायच्या. बाई म्हणायच्या, हाताला लागले तसे घेतले.

क्लास सुटला. बाकीच्या सगळ्या जिना उतरून गेल्या, पोस्टातली मागं राहिली. बाईंनी मान वर केली नाही. कापडाचा विषय निघणार, आणि आता तरी चुकलं म्हणायला हवं, असा विचार करत त्या बॉबिन भरत राहिल्या. पोस्टातली समोरच्या मशीनच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “बाई, काय झालंय?” बाई म्हणाल्या, “कुठं काय.” “काहीतरी झालंय. तुम्ही रेषेवर कापलंत. घरी काही आहे का?” इतक्या सहज तिनं विचारलं. खिडकीवर बसून दिवसभर विचारत असते तसं, कुठं पाठवायचं, साधं की रजिस्टर. बाईंना आश्चर्य वाटलं ते या सहजपणाचं. एवढंच असतं होय ते? त्या म्हणाल्या, “लेक येणार आहे गुरुवारी.” “मग चांगलं आहे की.” “तिला बरं नाही.” हे वाक्य बाहेर पडलं तेव्हा बाईंनी स्वतःच दचकून ते ऐकलं. “काय होतंय?” पोस्टातलीनं विचारलं. “माहीत नाही. सांगितलं नाही तिनं.” “मग विचारा ना,” ती म्हणाली. “माझ्या आईला मी सारखी विचारायची. वैतागायची ती. पण विचारायचंच असतं.” मग ती म्हणाली, “त्या कापडाचं बारक्या मापाचं काहीतरी होईल, भाचीला. तुम्ही नका मनाला लावून घेऊ.” बाई म्हणाल्या, “चुकलं माझं.” पोस्टातलीनं मान हलवली आणि पिशवी उचलून गेली.

बुधवारचा सगळा दिवस बाईंनी वाक्य बसवण्यात घालवला. मशीन चालवत चालवत, पायडलच्या ठेक्यावर. तुला काय होतंय? नको, फार थेट. डॉक्टर काय म्हणाले? हे बरं, पण त्यात आपल्याला कळलंय असं आधीच दिसतं, पुन्हा तेच झालं. शेवटी त्यांनी ठरवलं, काही बेतायचं नाही, नुसतं म्हणायचं, “बाळा, काय झालंय?” दार उघडल्या उघडल्या. पाणीसुद्धा द्यायच्या आधी. टाचण्यांची डबी त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली, स्टुलावर चढल्याशिवाय हाताला लागू नये म्हणून. हे करताना त्यांना स्वतःचं हसू आलं. नवरा असता तर म्हणाला असता, आता कुठं घरात सुधारणा व्हायला लागली.

गुरुवारी चार वाजता बेल वाजली. बाईंनी दार उघडलं, आणि वाक्य तिथंच, उंबऱ्यावर राहिलं. लेकीनं डोक्याला रुमाल बांधला होता. कपाळापासून मागंपर्यंत घट्ट, आणि रुमालाखाली केसांचा उंचवटा नव्हता. गळ्याची हाडं वर आली होती. तिनं जाड गरम शर्ट घातला होता, बाह्या मनगटापर्यंत, आणि तो तिच्या अंगावर तसा होता जसे लहानपणचे फ्रॉक असायचे. “जिन्याचा चढ लागला जरा,” ती म्हणाली. बाई म्हणाल्या, “बस. पाणी देते.” “तो खाली थांबलाय गाडीत.” “वर बोलाव की त्याला.” “नको, तासभरच आहे वेळ. साडेपाचला पोचायचंय.” कुठं, हे तिनं सांगितलं नाही. ती थांबली. त्या थांबण्यात जागा होती, एक शब्द मावेल एवढी, आणि बाईंना ती दिसली. त्या पाणी आणायला आत गेल्या. नळ सोडून त्या काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. आता बाहेर जायचं आणि विचारायचं. पेला भरून वाहिला.

बाहेर आल्या तोवर लेकीनं ड्रेस अंगात घातला होता आणि ती खिडकीपाशी उभी होती, त्याच खिडकीपाशी. निळा रंग विटला होता, खांद्यांवर जास्त. “हा एकच ड्रेस मला मापात बसला होता आयुष्यात,” ती म्हणाली आणि हसली. “उद्या लग्नाला अकरा वर्षं होतायत, हाच घालावासा वाटला. बघ किती होतोय.” बाईंनी बघितलं. कमरेला दोन्ही बाजूंनी कापड सुटून लोंबत होतं. त्यांनी पेला टेबलावर ठेवला, स्टूल ओढलं, चढल्या, वरच्या फळीवरून डबी काढली. गुडघे कुरकुरले. खाली उतरून त्यांनी आठ टाचण्या मोजून ओठांत धरल्या. धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय केलं.

त्या तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. कापड चिमटीत धरलं, पहिली टाचणी लावली. ड्रेसची बाही वर सरकली होती तिथं कोपराच्या आत सुयांचे डाग होते, जुने पिवळट, नवे निळे. दुसरी. तिसरी. अंगाला वास होता, औषधाचा, खोलवर मुरलेला. चौथी. लेकीनं श्वास धरला होता. बाईंच्या बोटांना समजलं, टेपेशिवाय समजलं. या वेळी ती लपवायला धरत नव्हती. खाली बघत होती ती, बाईंच्या डोक्याकडं, आणि वाट बघत होती. पाचवी, सहावी. ‘श्वास सोड’ असं काही झालं तरी म्हणायचं नाही, एवढं बाईंना ठाऊक होतं. बाकी काय म्हणायचं ते ठाऊक असूनही ठाऊक नव्हतं. सातवी. आठवी. तोंड रिकामं झालं. त्यांनी वर बघितलं. लेकीचे डोळे मोठे, भुवया गेलेल्या. बाळा, काय झालंय. तीनच शब्द, कालपासून घासून गुळगुळीत केलेले. बाईंनी ओठ ओले केले आणि म्हणाल्या, “एवढं आत घेऊ?”

लेकीनं धरलेला श्वास सोडला. “घे,” ती म्हणाली. “तुला कळतंच.”

ड्रेस टेबलावर उलटा पडला. आत, दोन्ही शिवणींत, ती तीन बोटं माया तशीच होती, अकरा वर्षांत कुणी न उघडलेली, आणि तिचा निळा इतका गडद होता की बाहेरचा रंग आता कशाचाच वाटेना. बाईंनी नव्या रेषेवर टीप मारली, एक बाजू, दुसरी बाजू. लेक परत शर्ट घालून मागं उभी राहिली. आत आता पाच पाच बोटं कापड झालं होतं. “ते कापून टाक,” ती म्हणाली, “अंगाला खरखरतं. मला सहन होत नाही हल्ली.” बाईंचा हात थांबला. “पुन्हा सैल करायचा झाला तर?” “नाही व्हायचा, आई.” ती हे अगदी मऊपणानं म्हणाली, समजूत घालावी तशी. यापेक्षा जास्त कुणी काय सांगायचं? तिनं सांगितलं होतं, न विचारता सांगितलं होतं. आता निदान बाईंनी कात्री खाली ठेवून वळावं, तिला जवळ घ्यावं, रडावं. बाईंना हे सगळं करायचं होतं. त्यांनी कात्री उघडली आणि शिवणीलगत, अर्धं बोट सोडून, कापत नेलं. दोन लांब निळ्या पट्ट्या टेबलावरून घसरून खाली पडल्या, जिथं ती लहानपणी बसायची तिथं.

“हातात कसा नेशील असा,” बाई म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या खिळ्याची ती तुकड्यांची पिशवी काढून त्यांनी ड्रेस तिच्यात घातला. लेकीनं पिशवी उलटीसुलटी करून बघितली, टाक्यांवरून बोट फिरवलं. “किती मऊ आहे. कधी केलीस?” “झाली बरीच वर्षं.” “पिशवीला एवढा बारीक टाका?” बाई म्हणाल्या, “नमुना होता.” लेकीनं त्यांच्याकडं बघितलं, मग पुन्हा पिशवीकडं, आणि ती छातीशी धरून जिना उतरायला लागली. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. बाई दारात उभ्या राहून पायऱ्या मोजत राहिल्या, मग गाडीचं दार वाजलं.

आत येऊन त्यांनी टेबल आवरलं. पट्ट्या उचलून घडी केल्या. टाचण्या डबीत टाकताना मोजल्या, ही एकतीस वर्षांची शिस्त, क्लासमध्ये लहान मुलं येतात, जमिनीवर टाचणी राहता कामा नये. सात भरल्या. पुन्हा मोजल्या, सातच. टेबलाखाली वाकून चाचपून बघितलं, मशीनखाली बघितलं. आठवी टाचणी ड्रेसमध्ये गेली होती, डाव्या शिवणीत, आतल्या बाजूला. एकतीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. बाई धावत खिडकीपाशी गेल्या, गाडी गेली होती. फोन घेतला तेव्हा आकडे दिसेनात, दोनदा चुकले.

“काय ग आई?” लेक म्हणाली. मागं रस्त्याचा आवाज होता.

“अगं, टाचणी राहिलीय,” बाई म्हणाल्या. “डाव्या बाजूला, कमरेत. टोचेल तुला. घालायच्या आधी बघ.”

“बरं. बघते.”

फोन कुणीच ठेवला नाही. बाईंना तिचा श्वास ऐकू येत होता, जिना उतरून लागलेली धाप अजून गेली नव्हती. त्या भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं बघत उभ्या राहिल्या. गाडी कुठंतरी थांबली, सिग्नलला असेल, पुन्हा चालू झाली.

“आई, आणखी काही विचारायचंय का?” लेकीनं विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “एवढंच सांगायचं होतं. टोचू नये म्हणून.”